पोट दुखते, पण कुठे?

नांदेड शहराजवळ गोदावरीच्या काठी विष्णुपुरी हे गाव आहे. येथे नदीवर मोठे धरण आहे. त्याच्या जलाशयातून नांदेडला पिण्याचे पाणी मिळते. याच विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. नांदेड, हिंगोली, परभणी आणि तेलंगणाच्या सीमेवरील गावांतून येथे रुग्ण येतात. कुणी मराठी बोलतो, कुणी उर्दू, कुणी तेलुगू. पण डॉक्टरांसमोर बसले की पुष्कळ जण एवढेच सांगतात, "पोट दुखते."

मग डॉक्टर विचारतात, "कुठे दुखते? केव्हापासून? जेवल्यावर वाढते का? उलटी झाली का? शौचाला कशी होते?" घरचे लोक मनात म्हणतात, औषध द्यायचे सोडून इतके प्रश्न कशाला? पण हे प्रश्न फार महत्त्वाचे असतात. पोट म्हणजे एक अवयव नव्हे. उर्दूत आपण ज्याला मेदा म्हणतो ते जठर, जिगर म्हणजे यकृत, गुर्दे म्हणजे मूत्रपिंडे, आंतें म्हणजे आतडी. (मराठीत 'मेद' म्हणजे चरबी. येथे घोटाळा करू नका!) यांपैकी कोणता अवयव दुखतो, हे डॉक्टरांना तुमच्या उत्तरांवरून शोधायचे असते.

बहुतेक वेळा कारण साधे असते. पोटात वायू धरतो. पोट गच्च होते, ढोलासारखे वाजते, ढेकर येतात. हीच पोटफुगी. उर्दूत तिला अफारा म्हणतात. हा वायू येतो कुठून? थोडा आपणच गिळतो. घाईघाईने जेवताना आणि घास तोंडात ठेवून गप्पा मारताना हवा पोटात जाते. बाटलीतले फसफसणारे सरबत प्यायलो तर त्यातला कार्बन डायऑक्साइड वायूही पोटात जातो. उरलेला वायू पोटातच तयार होतो. जठरातून अन्न लहान आतड्यात उतरते. हे आतडे सुमारे 6 मीटर लांब असते. येथे अन्नाचे पचन होते. जे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जाते. तेथे कोट्यवधी जिवाणू राहतात. ते या उरलेल्या अन्नावर तुटून पडतात आणि त्यातून वायू तयार होतो. हरभरा, वाटाणा, राजमा यांत अशा काही शर्करा असतात, की त्या आपल्या लहान आतड्याला पचवताच येत नाहीत. म्हणून आपल्या घरी हरभरे रात्रभर भिजवतात. ते भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि हरभरे ताज्या पाण्यात शिजवावेत. त्या शर्करांचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो.

काही जणांना दूध पचत नाही. दूध प्यायले की पोट गुडगुडते. त्यांच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारा पाचक रस कमी असतो. त्यांना दही सहसा त्रास देत नाही. काहींचे पोट बद्धकोष्ठामुळे फुगते. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, फळे आणि भरपूर पाणी हा त्यावरचा सोपा उपाय. शाळेत जाण्याच्या घाईत शौचाला जाण्याचे टाळणे, ही आपल्यापैकी अनेकांची वाईट सवय आहे.

रमजानमध्येही हा त्रास वाढलेला दिसतो. दिवसभर रिकामे असलेले पोट इफ्तारला भजी, समोसे आणि थंड सरबताने एकदम भरले, तर ते बिचारे काय करणार? खजूर आणि पाणी घ्यावे, मगरिबची नमाज पढावी आणि मग सावकाश जेवावे. आपल्या वडीलधाऱ्यांची ही पद्धत पोटाच्या दृष्टीनेही चांगलीच आहे.

पोट फुगले असेल तर आडवे पडू नका. दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चाला. वायू पुढे सरकतो आणि ताण कमी होतो. अम्मी चिमूटभर ओवा देतात. ओवा म्हणजे अजवाइन. त्यात थायमॉल नावाचे द्रव्य असते, त्याचाच तो उग्र वास. बडीशेप, आले, हिंग हेही घरातले जुने उपाय आहेत. थोड्या प्रमाणात घ्यायला हरकत नाही. मुलींना मासिक पाळीच्या दिवसांत ओटीपोटात दुखते, तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास आराम पडतो. मात्र दुकानातून दुखण्याची गोळी आणून उपाशीपोटी घेऊ नका. अशा काही गोळ्या जठराच्या अस्तराला जखम करतात.

परीक्षेच्या दिवशी पोटात कसेतरी होते, तेही ढोंग नसते. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. मराठीत भीती वाटली की 'पोटात गोळा आला' म्हणतात, ते उगीच नाही.

आता जरा नीट लक्ष द्या. उजव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, बोटासारखी एक लहान पिशवी असते. तिला आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. तिला सूज आली की आधी बेंबीजवळ दुखते. तेव्हा सगळ्यांना वाटते, गॅस झाला असेल. काही तासांनी दुखणे खाली उजवीकडे सरकते. भूक जाते, मळमळते, ताप येतो, चालताना आणि खोकताना कळ येते. अशा वेळी घरात कुणी म्हणते, "नाफ टल गई," म्हणजे बेंबी सरकली. मग पोट चोळतात, ओढतात किंवा एरंडेल देऊन जुलाब करवतात. बेंबी कधीही सरकत नाही. पण चोळल्याने किंवा जुलाबाने सुजलेले अपेंडिक्स फुटू शकते. मग पू पोटभर पसरतो आणि जिवावर बेतते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर हाच रुग्ण थोड्याच दिवसांत घरी येतो.

चुकीच्या उपायांनी आपल्या राज्यात लहान बाळांचेही फार हाल होतात. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले, तर पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची प्रथा आहे. आईबाप हे दुष्टपणाने करत नाहीत. बाळ बरे व्हावे म्हणूनच करतात. परंतु चटक्याने आतला वायू निघत नाही. बाळाला जखमा मात्र होतात आणि दवाखान्यात जायला उशीर होतो.

म्हणून ही लक्षणे दिसली तर ओवा आणि शेक बाजूला ठेवा: दुखणे तासागणिक वाढते आहे, पोट लाकडासारखे कडक झाले आहे, उलटी हिरवी आहे किंवा तिच्यात रक्त आहे, शौच डांबरासारखी काळी आहे, पोट फुगून वायू आणि शौच दोन्ही बंद आहेत, किंवा पोटाला मार लागला आहे. तेव्हा रात्र असली तरी थांबू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रुग्णाला वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे.

कदाचित दादीजानना घेऊन तुम्हालाच विष्णुपुरीला जावे लागेल. त्यांना मराठी येत नसेल, तर त्यांचे दुखणे तुम्ही मराठीत सांगाल. त्यासाठी काही शब्द शिकून घ्या. थांबून थांबून पिळल्यासारखे दुखते, त्याला मुरडा म्हणतात. एकदम येते ती कळ. छातीखाली आग होते ती जळजळ. सुई लागल्यासारखे होते, तेव्हा टोचते म्हणतात. नाडीबरोबर दुखते, तेव्हा ठणकते म्हणतात. "पेट में मरोड़ है" म्हणजे "पोटात मुरडा येतो." दादीजानना एका बोटाने जागा दाखवायला सांगा. दुखणे किती वाजता सुरू झाले, ते घरातून निघतानाच वहीच्या कागदावर लिहून घ्या. आणि आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा सोबत न्या.