हजार फुटांची बंदूक

‘मास्साब, गन तो बराबर है, आपका हाथ हिलता है.’

भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, हे वाक्य मला ऐकवण्यात आलं. बत्तीस वर्षं फळ्यावर सरळ रेघ ओढणाऱ्या माणसाचा हात हलतो म्हणे. दुकानाचं नाव मी घेणार नाही, शहराचंही नाही. पण काय घडलं ते सांगणार आहे. डोईफोडियात आणि खकनारच्या आसपास हल्ली पोरांना नेमबाजीचं वेड लागलंय, आणि हीच माणसं हीच बंदूक त्यांच्याही गळ्यात मारतील. मजकुरात राग दिसला तर चालवून घ्या, तो अजून गेलेला नाही.

वेड लागण्याला कारण आहे. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हा आमच्या निमाडातला, खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा पोरगा. भोपाळच्या राज्य अकादमीत शिकला आणि दोन ऑलिंपिक खेळून आला. 2024 साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलीत ब्राँझ आणलं, त्या दिवसापासून पुतणीनं माझा पिच्छा पुरवला. मलाही जुनी हौस होती. दहा मीटरवर कागदी टार्गेट, अंगणात नीट बांधलेला आडोसा, नळी मोडून भरायची साधी 4.5 मिलीमीटरची एअरगन, एवढंच मागणं होतं. हे मी दुकानात शब्दाशब्दानं सांगितलं होतं.

त्यानं एकच प्रश्न विचारला, ‘पॉवर कितनी चाहिए?’ उत्तराची वाट न बघता खोकं काढलं. ‘हजार फुट की है. मॅग्नम. साथ में दुर्बीन.’

या हजार फुटांचा हिशेब आधी करू, कारण खरी गोम तिथेच आहे. हजार फूट म्हणजे छर्रा सेकंदाला किती जातो तो आकडा, पल्ल्याशी त्याचा संबंध नाही (दुकानातला पोऱ्या मात्र ‘हजार फुटावर लागते’ असंच सांगत होता). हजार फूट म्हणजे 305 मीटर. आपला नेहमीचा शिशाचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो. तो खरोखर या वेगानं सुटला तर त्याची ऊर्जा भरते साडेचोवीस ज्यूल. आणि 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे विनापरवाना एअरगनची हद्द आहे 20 ज्यूल आणि .177 बोअर, म्हणजे साडेचार मिलीमीटर. त्याच्या वर गेलात की परवाना. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा असेल तर दुकानदार मला बेकायदा माल विकत होता, आणि माल कायदेशीर असेल तर तो आकडा शिशाच्या छर्‍याचा नव्हता. बहुतेक वेळा असले आकडे मिश्रधातूच्या अगदी हलक्या छर्‍यावर काढलेले असतात. तसा छर्रा खोक्यावर छापायला बरा, कागदावर नेम धरायला निरुपयोगी.

ऑलिंपिकमधल्या दहा मीटर एअर रायफलीचा छर्रा सेकंदाला जेमतेम 170 ते 175 मीटर जातो. ऊर्जा सात-आठ ज्यूल. तिथल्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलीमीटरचा. अभिनव बिंद्रानं 2008 साली सोनं आणलं ते या ताकदीवर. जर्मनीत विनापरवाना एअरगनची हद्दच साडेसात ज्यूल आहे, तिथल्या बंदुकांवर पंचकोनात ‘एफ’चा शिक्का असतो. इंग्लंडात ती सव्वासोळा ज्यूलच्या आसपास, आणि तेवढ्यात ते लोक पन्नास मीटरपर्यंतच्या फील्ड टार्गेट स्पर्धा खेळतात. मग आमच्याच बाजारात प्रत्येकाला हजार फूट कशाला लागतात? कारण आपला माणूस दुकानात शिरून पहिल्यांदा हेच विचारतो, ‘डुक्कर पळेल का?’ त्याला दिलेलं उत्तर मग मलाही.

घरी आणल्यावर काय झालं ते थोडक्यात. एक छर्रा वर, एक डावीकडे, एक कागदाबाहेर. नळी मोडताना पुतणीच्या हातून ती अर्ध्यात अडकायची, मला दोन हात लावावे लागायचे. थोड्याच दिवसांत त्या दुर्बिणीच्या काचेतली आडवी रेघ तिरकी झाली. कारण नंतर कळलं. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दोन दिशांनी येतो. दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे येते, दट्ट्या टोकाला आपटला की पुढे झेपावते. बारूदच्या रायफलीवर टिकणारी दुर्बीणसुद्धा यात खिळखिळी होते. एअरगनसाठी मुद्दाम केलेलीच लागते. आणि मुळात दहा मीटर एअर रायफलीच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. ‘दहा मीटरवर कागदी टार्गेट’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं दुर्बीण विकली, वेगळे अडीच हजार लावून.

फोन केला. पहिलं उत्तर, ‘छर्रा बदलो.’ बदलला. दुसरं, ‘नई है, खुलने में टाइम लगता है.’ हे अगदी खोटं नाही. नव्या स्प्रिंगच्या बंदुकीला बसायला दोन-चारशे छर्रे लागतात. म्हणून थांबलो. तिसरं उत्तर दुकानात जाऊन ऐकलं, ते वर लिहिलंच आहे.

उलगडा केला तो सुभेदारांनी. आमच्या भागातले निवृत्त फौजी, महूला बरीच वर्षं काढलेले. लष्कराचं नेमबाजीचं पथक महूलाच असतं, त्यामुळे हत्यार हातात कसं घ्यायचं हे त्यांना नव्यानं सांगावं लागत नाही. त्यांनी एकही छर्रा न उडवता बंद बंदुकीची नळी चिमटीत धरली आणि आडवी हलवली. टक. परत हलवली. टक. ‘गुरुजी, ही बिजागरीतच ढिली आहे. दर वेळी नळी नव्या जागी बसते. तुम्ही देव असलात तरी दोन छर्रे एका जागी पडणार नाहीत.’ मग नळी मोडून तोंडाजवळची रबरी सील दाखवली, एका बाजूनं चावल्यासारखी झालेली. खालच्या खाचेत नाक घालून म्हणाले, ‘वास घ्या.’ जळक्या तेलाचा वास. माझ्या घरात त्या बंदुकीला तेलाचा थेंब लागलेला नव्हता.

आणि मग खोकं मागितलं. खोक्यावर चिकटवलेला नंबर आणि बंदुकीवर ठोकलेला नंबर वेगळे.

मी तिथेच ओट्यावर बसलो. मला नवी म्हणून दिलेली बंदूक दुसऱ्याच खोक्यातली होती. कुणी तरी परत केलेली, नाही तर काउंटरवर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दिलेली. असल्या नमुन्याच्या बंदुकीतून दिवसभर लोक रिकामा बार काढतात. पुढे छर्रा नसला की दट्ट्यासमोर हवेची उशी तयार होत नाही, तो सरळ लोखंडावर आपटतो; स्प्रिंग आणि सील दोन्ही त्यात जातात. वर ती ‘मऊ’ लागावी म्हणून आत तेल सोडलेलं. दाबलेल्या गरम हवेत ते तेल पेटतं, आवाज मोठा येतो, धूर निघतो, गिऱ्हाईक खूश. सील मात्र जळते.

त्याच संध्याकाळी सुभेदारांनी आपली जुनी, हलकी, उघड्या माशीची एअरगन माझ्या हातात दिली. दहा मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. हलणाऱ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. नंबर दाखवला. मालक हसून म्हणाला, ‘नंबर से क्या करोगे, निशाना लगाओ.’ मी सुभेदारांकडचा पाच छर्‍यांचा कागद पुढे केला, तो त्यानं बघितलाही नाही. बिल मागितलं होतं तेव्हा त्यानं साध्या चिठ्ठीवर ‘खेल सामान’ लिहून दिलं होतं. आता तीच चिठ्ठी उलटी करून म्हणाला, ‘इसमें गन कहाँ लिखा है?’ चष्मा तपासून घ्यायचा सल्लाही मिळाला. अकरा हजार आणि वरचे दुर्बिणीचे गेले, ते एक वेळ सोडा. मागे उभ्या असलेल्या एका पोराच्या हातात तेवढ्यात तसलंच खोकं ठेवलं जात होतं, ते मला सुटत नाही.

आता घेणाऱ्यांसाठी. माझ्या मनात जसं येतंय तसं लिहितो.

बिल पक्कं, त्यावर बंदुकीचा नंबर, आणि तो नंबर दुकानातच खोक्याशी ताडून पाहा. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. पक्कं बिल असलं तर 2019 च्या ग्राहक कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. माझ्याकडे ‘खेल सामान’ होतं.

नळी बंद करून चिमटीत हलवा. किंचितही हलली तर दुसरी मागा. मग कागदावर उडवून दाखवा म्हणावं, छर्रा घालूनच. उडवताना नळीच्या सांध्यावर पातळ टिश्यू कागदाचा तुकडा ठेवा. तो फडफडला तर सीलमधून हवा जाते. ज्या दुकानात मागच्या बाजूला दहा पावलांची जागा नाही, तिथे बंदूक घेऊ नये असं माझं ठाम मत झालंय. ओळखीतल्या कुणाकडे वेग मोजायचं यंत्र असेल तर दहा छर्रे मोजा. आकडा लहान असला तरी हरकत नाही, तो सारखा यायला हवा. माझी ती मॅग्नम इंदूरला मोजली तेव्हा एकदा 230 मीटर दाखवायची, लगेच पुढच्याला 190.

ज्याला चालवायची आहे त्यानंच नळी मोडून पाहावी. पंधरा वर्षांच्या पोरीला जी एका हातानं, दम न लागता भरता येत नाही, ती तिची बंदूक नाही. आणि भरताना नळी दुसऱ्या हातानं धरून ठेवायची, बोट घोड्यापासून लांब. उघड्या नळीवर घोडा सुटला तर नळी अशी उसळते की बोट जातं आणि नळीही वाकते. हे दुकानात कुणी सांगत नाही.

घोडा कसा आहे ते ताकदीच्या आधी बघा. जगभरच्या शौकिनांना जर्मनीच्या वाइहराउखची एचडब्ल्यू 30 एस आवडते, ती काही ताकदवान नाही. हलकी, दहा ज्यूलच्या आतबाहेरची. तिचा रेकॉर्ड घोडा लोण्यासारखा सुटतो म्हणून आवडते. ती आपल्याला सहजी मिळायची नाही, परदेशी एअरगनच्या आयातीवर निर्बंध आहेत. देशी बंदुका हल्ली चांगल्या निघतात, पण एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो. म्हणून ‘कुठलं मॉडेल घेऊ’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आवडती बंदूक हातात धरून निवडायची असते, नावावरून नाही. आम्ही शेवटी घेतली ती मध्यम ताकदीची, लोखंडी माशीची, दुर्बीण नसलेली. पुतणीला ती आता कुणी मागितली तरी द्यायची नाही.

बंदूक सैल धरा. पुढचा हात उघडा, कुंदा तळव्यावर नुसता टेकलेला. स्प्रिंगच्या बंदुकीला आवळलं की ती रुसते. कागदासाठी चपट्या तोंडाचा छर्रा, तो गोल स्वच्छ भोक पाडतो. डबीत वाकडे निघालेले बाजूला काढा. मागे वाळूची गोणी हवी, दगडी भिंत नको. चष्मा घाला. शिशाचा हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

स्पर्धेला उतरायचं असेल तर आधी राज्य संघटनेच्या एखाद्या प्रशिक्षकाला गाठा आणि कुठल्या गटात खेळायचं ते ठरवा. उघड्या माशीचा गट वेगळा, पीप साइटचा (बारीक भोकातून नेम धरायचा) वेगळा. आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावानं अखिल भारतीय स्पर्धा भरतात, तिथपर्यंतची वाट याच गटांतून जाते. आधी बंदूक, मग गट, असा उलटा क्रम दुकानदाराच्या फायद्याचा.

आणि एक बोललंच पाहिजे. आमच्याकडे हरभऱ्यात रोही येतात, केळीत डुकरं येतात, पलीकडे मेळघाट. एअरगन दिसली की शेजारी विचारतो, ‘गुरुजी, एखादा तितर?’ परवाना लागत नाही तो कागदावर उडवायला. तितर, ससा, होला, कशावरही छर्रा उडवलात तर 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि वनखातं बंदूकही घेऊन जातं. अरुणाचलात पाखरं दिसेनाशी व्हायला लागली तेव्हा 2021 पासून लोकांनी आपण होऊन एअरगना सरकारजमा केल्या. आपल्याकडे ती वेळ येऊ नये. बंदूक शाळेच्या रस्त्यानं उघडी नेऊ नका, कव्हरात न्या. बिलाची प्रत सोबत ठेवा.

ती मॅग्नम अजून माझ्याकडे आहे. विकत मागणारे दोघे येऊन गेले, मी दिली नाही, कारण मग माझ्यात आणि त्या दुकानात फरक काय राहिला. खकनार, डोईफोडिया, तुकईथड या बाजूच्या कुणाला एअरगन घ्यायची असेल तर शहरात जायच्या आधी माझ्या घरी या. ढिली नळी कशी लागते ते हातात देऊन दाखवीन, आणि दुकानाचं नाव तोंडी सांगेन.