कॉम्प्युटर नाही मिळालं? मग लेसरकडे बघा

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की कोल्हापुरातल्या घराघरांत एकच धास्ती असते: कॉम्प्युटर मिळत नाही, ई अँड टीसी घ्यावं का? जरूर घ्या. गणित-भौतिकशास्त्राची गोडी असेल तर बी.एस्सी. फिजिक्सही. या दोन्ही वाटा जिथे मिळतात, तिथलं एक काम पालकांच्या कानावर सहसा येत नाही: लेसर इंटरफेरोमीटरच्या सिग्नलचं डिमॉड्युलेशन.

बी.एस्सी.च्या लॅबमधला मायकेल्सन इंटरफेरोमीटर घ्या. लेसरचा किरण दुभागतो, दोन वाटांनी जाऊन परत एकत्र येतो आणि उजेड-अंधाराच्या पट्ट्या उमटतात. हेलियम-निऑन लेसर असेल तर आरसा जेमतेम ३१६ नॅनोमीटर सरकला की एक पट्टी पुढे जाते. पण डिटेक्टरला कळतं फक्त उजेड कमी-जास्त झाल्याचं. आरसा पुढे गेला की मागे, हे त्यातून समजत नाही. म्हणून पाव आवर्तनाचा फरक असलेले दोन सिग्नल घेतात, एक साइन, एक कोसाइन. ते डिजिटल करून आर्कटॅन्जंटने फेज, म्हणजे आवर्तनातली नेमकी जागा, काढायची, आणि ३६० अंशांनंतर शून्यावर उडी मारणारी ती फेज सलग जोडायची. हेच डिमॉड्युलेशन. कागदावर हे दोन सिग्नल मिळून वर्तुळ होतं. प्रत्यक्षात वाकडं लंबवर्तुळ येतं. ते सरळ करण्यातच खरं कसब आहे.

पाणबुडीचा आवाज टिपणारे फायबर हायड्रोफोन आणि दिशा सांभाळणारे फायबर जायरोस्कोप याच तत्त्वावर चालतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळाही याच तत्त्वावर उभी राहतेय, ४ किलोमीटरच्या दोन भुजांची. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका त्यात भागीदार आहे; तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचेच.

पालकांनी एक मात्र धरून चालावं: इथे नुसत्या पदवीवर भागत नाही, पुढे एम.एस्सी. किंवा एम.टेक. लागतंच. शिवाजी विद्यापीठात फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स, दोन्ही आहेत. मुलाला गोडी आहे का, हे सुट्टीतच कळेल. त्याला पायथनमध्ये असे दोन सिग्नल तयार करून फेज काढायला सांगा. लायगोचा खरा डेटाही इंटरनेटवर खुला आहे. आणि फी भरण्याआधी कॉलेजची लॅब बघून या. ऑसिलोस्कोप मुलांच्या हाती देतात की कपाटात ठेवतात, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा.