रणगाड्याची लहान प्रतिकृति कशी पारखावी?

कोणतीहि वस्तु पारखून घ्यावी, हें आपल्या वडीलधाऱ्यांचें जुनें सांगणें आहे. बाजारांत आपण मडकें घेतों तें वाजवून घेतों. मिरजेचे तंतुवाद्य करणारे कारागीर भोपळ्याचा आकार व जाडी पाहिल्यावांचून सतारीच्या कामास हात घालीत नाहींत. मात्र मुलासाठीं जोडकामाचा संच घ्यावयाचा झाला म्हणजे शहाणीं माणसेंहि पेटीवरील रंगीत चित्र पाहून पैसे मोजतात. चित्रांत धूर असतो, ज्वाळा असतात, रणगाडा टेकडीवरून उसळी घेत असतो. घरीं पेटी उघडल्यावर आंतून ओबडधोबड भाग निघतात, चाकें पट्ट्यांत बसत नाहींत, मुलाचा हिरमोड होतो आणि संच माळ्यावर जातो. असें होऊं नये म्हणून रणगाड्याचा लहान संच निवडण्याच्या कांहीं कसोट्या आम्ही येथें सांगत आहों.

आरंभींच एका शंकेचें समाधान केलें पाहिजे. युद्धाचें यंत्र मुलांच्या हातीं द्यावें काय, असें कित्येक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. संहाराचें कौतुक शिकविणें हा आमचा हेतु नाहीं. परंतु रणगाड्याचे पाय मूळचे शेतांतले आहेत, हें मुलांस ठाऊक असावें. मऊ जमिनींत यंत्र रुतूं नये म्हणून अमेरिकेंत होल्ट कंपनीनें ट्रॅक्टरास साखळीचे पट्टे लावले. त्या युक्तीवरून पहिल्या महायुद्धांत इंग्रजांस चिलखती गाडीची कल्पना सुचली, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या लढाईंत ती प्रथम रणांत उतरली. गुप्तता राखण्यासाठीं तिला पाण्याची टांकी म्हणत. तेंच 'टँक' हें नांव पुढें रूढ झालें. मिरजेंत नेमकें याच्या उलट घडलें. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं एकोणिसाव्या शतकांत सतार व तंबोरे घडविण्यास आरंभ केला. कारागिराचें कौशल्य एकच. तें कोणत्या कामीं लावावें हें मनुष्याच्या हातीं आहे. शिवाय साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. अशा शिपाईपेशाच्या मुलुखांत पुष्कळ घरांतून आजोबा, काका किंवा भाऊ सैन्यांत गेलेले असतात. त्यांच्या यंत्राची प्रतिकृति करावयाची तर ती खरी असावी, एवढें तरी आपण त्यांचें देणें लागतों.

पहिली कसोटी प्रमाणाची. दिवाळींत आपण अंगणांत किल्ला करतों, तेव्हां मावळा दरवाजापेक्षां उंच असतो आणि वाघ गुहेंत मावत नाहीं. त्या खेळांत तें शोभतें. प्रतिकृतींत शोभत नाहीं. प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूचीं सर्व मापें एकाच संख्येनें भागणें. पेटीवर '१:७२' असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ खरा रणगाडा या प्रतिकृतीच्या बहात्तर पट मोठा आहे. इंग्रजी मापांत एक इंच म्हणजे सहा फूट धरल्यानें ही संख्या आली. या हिशेबानें १.७ मीटर उंचीचा शिपाई २४ मिलिमीटरांहून किंचित् कमी भरतो. अजिंक्यतारा सातारा शहराच्या वर सुमारें ३०० मीटर उंच उभा आहे. तो याच प्रमाणांत अंगणांत करूं म्हटलें तर चार मीटरांहून अधिक उंच होईल! प्रमाण पाळणें किती कठीण आहे, तें यावरून कळेल.

लहान संचांत १:७२ व १:७६ हीं दोन प्रमाणें नेहमीं आढळतात. १:७६ हें माप ब्रिटनमधील खेळण्यांतल्या आगगाड्यांवरून आलें, आणि १९६० च्या दशकांत एअरफिक्स कंपनीनें तें लोकप्रिय केलें. मोठ्या संचांत १:३५ हें प्रमाण रूढ आहे. १९६१ सालीं जपानच्या तामिया कंपनीनें मोटरीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आंत मोटर व बॅटऱ्या मावाव्यात या सोयीनें ती संख्या ठरली. मोठी प्रतिकृति सुबक दिसते खरी, पण तिला जागा, रंग व पैसा अधिक लागतो. विद्यार्थ्याच्या टेबलास व पालकांच्या खिशास लहान प्रमाणच बरें.

आतां माप ताडून पाहण्याची रीत सांगतों. मीटरांतील मापास १००० नें गुणावें आणि प्रमाणाच्या संख्येनें भागावें; उत्तर मिलिमीटरांत येतें. उदाहरणार्थ, सेंच्युरियन रणगाड्याच्या धडाची लांबी, तोफेची नळी सोडून, सुमारें ७.६ मीटर, रुंदी ३.३८ मीटर व उंची ३ मीटर आहे. १:७२ प्रमाणांत हीं मापें अनुक्रमें सुमारें १०६, ४७ व ४२ मिलिमीटर येतात. १:७६ मध्यें लांबी बरोबर १०० भरते, तर १:३५ मध्यें २१७. पेटी उघडतांच भाग न कापतां फूटपट्टीनें धड मोजावें. लांबी ७२ नें जुळते पण रुंदी ७६ नें जुळते, असें आढळलें तर साचाच खोटा आहे असें समजावें. दोन-चार संचांची जमवाजमव करणाऱ्यानें १:७२ व १:७६ यांची सरमिसळहि करूं नये. शेजारीं ठेवल्यावर फरक लपत नाहीं.

दुसरी कसोटी अशी कीं, ज्याची खात्री करतां येईल असाच रणगाडा निवडावा. या कामीं आपण महाराष्ट्रीय भाग्यवान् आहों. पूर्वीचें अहमदनगर, म्हणजेच आजचें अहिल्यानगर, येथें सैन्याच्या चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र १९४८ पासून आहे, आणि १९९४ सालीं तेथें रणगाड्यांचें संग्रहालय स्थापन झालें. मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, युद्धांत हस्तगत केलेला पॅटन असे अनेक रणगाडे तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. सातारा-सांगलीहून सहल काढून वहींत रेखाचित्रें व टिपणें करून आणावींत. कोणत्याहि पेटीवरील चित्रापेक्षां तीं अधिक खरीं.

पहिला संच म्हणून आम्ही सेंच्युरियन सुचवूं, कारण त्याच्याशीं आपल्या इतिहासाचा संबंध आहे. पूना हॉर्स पलटणीचे सेनानी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनीं १९६५ सालीं फिलोऱ्याच्या रणांत सेंच्युरियन रणगाड्यांचें नेतृत्व केलें आणि १६ सप्टेंबर रोजीं त्यांस वीरमरण आलें. त्याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतर नदीच्या लढाईंत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ते धारातीर्थीं पडले. दोघांसहि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. खेत्रपालांच्या रणगाड्याचें नांव 'फामागुस्ता' असें होतें. सेंच्युरियनचीं कालपरत्वें अनेक रूपें झालीं: आरंभीं १७ पौंडी तोफ, मग २० पौंडी, पुढें १०५ मिलिमीटरांची. म्हणून पेटीवर केवळ नांव पाहून थांबूं नये. कोणत्या देशाचा व कोणत्या सालचा रणगाडा आहे तें वाचावें.

तिसरी कसोटी ओळखखुणांची. हिला फूटपट्टीहि लागत नाहीं. चाकें मोजावींत. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा मोठीं चाकें असतात. रशियन टी-५५ ला पांच असतात, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकांमधील अंतर इतरांहून अधिक असतें. टी-५५ ची उंची अवघी २.४ मीटर, म्हणजे १:७२ मध्यें ३३ मिलिमीटर. सेंच्युरियनशेजारीं तो बसका दिसलाच पाहिजे. दोन्ही सारख्याच उंचीचे दिसले तर दोहोंपैकीं एकाचा कर्ता चुकला आहे.

चौथी कसोटी साच्याची. प्लॅस्टिकचे भाग एका चौकटीस जोडलेले असतात. साचा झिजला असेल तर भागांच्या कडेस पातळ पापुद्रे आलेले दिसतात. थोडेसे पापुद्रे पॉलिशपेपरानें निघतात. सर्वत्र असतील तर संच परत करावा. पुष्कळ वेळां पेटी नवी व साचा चाळीस-पन्नास वर्षांचा असतो, म्हणून साचा केव्हांचा हें दुकानदारास अवश्य विचारावें. जुना साचा वाईटच असतो असें नव्हे, परंतु त्यास नव्याची किंमत देऊं नये. तोफेची नळी सरळ व गोल आहे काय, तेंहि पाहावें. १०५ मिलिमीटरांचें तोंड ७२ नें भागलें असतां दीड मिलिमीटरहि भरत नाहीं. तेथें सुबक भोंक असेल तर कर्त्यानें काळजी घेतली आहे असें खुशाल समजावें.

सर्वांत अधिक फसवणूक पट्ट्यांत होते. कांहीं संचांत पट्टा रबरासारखा एकसंध असतो. तो बसविणें सोपें, परंतु पुष्कळदां साध्या चिकटद्रवानें चिकटत नाहीं आणि चाकांवरून धनुष्यासारखा ताठ उचलला जातो. खरा पट्टा लोखंडाचा व जड. टी-५५ वर तो आपल्या वजनानें चाकांवर लोंबतो. कांहीं संचांत पट्ट्याचे कडक तुकडे एकेक जोडावे लागतात. ते खरे दिसतात, पण धीर मागतात. सेंच्युरियनच्या बाजूस लोखंडी पडदे असल्यामुळें पट्ट्याचा वरचा भाग झांकला जातो, म्हणून नवशिक्यास तो सोयीचा. पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चिन्हें पिवळीं किंवा तडकलेलीं नाहींत, हेंहि पाहून घ्यावें.

पालकांस दोन शब्द. संचाच्या किमतींत चिकटद्रव, रंग, कुंचला, बारीक कानस व कापण्याचें हत्यार यांचा खर्च मिळवूनच हिशेब करावा. चिकटद्रवाची वाफ बाधक असते. खिडकी उघडी असावी. पातें नेहमीं आपल्या अंगापासून दूर ओढावें. घरांत तान्हें मूल असेल तर बारीक भाग झांकणाच्या डब्यांत ठेवावेत. आणि मुलास एका वेळीं एकच संच द्यावा. पहिला पुरा झाल्याशिवाय दुसरा नाहीं. अर्धवट राहिलेल्या पांच संचांपेक्षां पुरा झालेला एक संच मुलास अधिक शिकवितो.

विद्यार्थिमित्रांनो, या सर्व कसोट्यांचें सार एकच आहे: चित्रावर भुलूं नये, माप घेऊन पाहावें. खऱ्या वजनमापाची थोरवी नीतिसूत्रांतहि गाइली आहे. आज जो मुलगा फूटपट्टी घेऊन रणगाड्याचें धड मोजतो, तोच उद्यां दुकानांतील तराजू, वर्तमानपत्रांतील जाहिरात आणि व्यासपीठावरील भाषण यांचेंहि माप घेईल. तुमच्या टेबलावर उभा राहणारा चार इंचांचा रणगाडा कोणासहि जिंकणार नाहीं. परंतु तो खरा असेल, तर त्याकडे पाहून घरांतले निवृत्त सुभेदार आजोबा आपण होऊन बोलूं लागतील, आणि त्यांच्याकडून जें ऐकावयास मिळेल तें कोणत्याहि पेटींत मिळत नाहीं.