चौदा व्होल्टांत पंख तापत नाही

चिखली तालुक्यातल्या उंद्रीत माझा धंदा ऑटो इलेक्ट्रिकचा. ट्रॅक्टर-जीपचं वायरिंग करण्यात हयात गेली. विमानाशी संबंध आला तो भाच्यामुळे. तो अमेरिकेत मिनेसोटाला असतो आणि गॅरेजात किटमधून दोन सीटांचं विमान बांधतोय. आपल्याकडे अमोल यादवांनी कांदिवलीला गच्चीवर विमान बांधलं, पुढे धुळ्याला उडवलंही. पण धुळ्यात कमी उंचीवर पंखाला बर्फ धरत नाही. मिनेसोटाच्या हिवाळ्यात ढगात शिरलं की धरतो.

भाच्याला पंखांच्या पुढच्या कडेला तापणाऱ्या पट्ट्या लावायच्या होत्या. "मामा, अल्टरनेटर साठ अँपिअरचा आहे. भागेल ना?"

मी त्याला आधी लोड लिहून काढायला लावला. चौदा व्होल्ट गुणिले साठ म्हणजे ८४० वॅट, आणि तेही कागदावर. अल्टरनेटर सतत पूर्ण लोडवर ठेवला की जळतो. म्हणून ऐंशी टक्केच धरायचे. रेडिओ, स्क्रीन, पंप, दिवे यांना वीस-पंचवीस अँपिअर गेले. उरले साधारण पंचवीस. आता पट्ट्या पाहा. दोन्ही पंख मिळून सात मीटर लांबी, दहा सेंटिमीटर रुंदी. पाऊण चौरस मीटरही नाही. पण समोरून गार वारा सतत उष्णता ओढून नेतो, त्यामुळे चौरस मीटरला दहा किलोवॅट तरी लागतात. म्हणजे सात किलोवॅट, पाचशे अँपिअर! पट्ट्या आळीपाळीने तापवल्या तरी आपल्या पंचवीसात बसत नाही. बोइंग ७८७चे पंख विजेवर तापतात खरे, पण त्याच्या इंजिनांवर २५० केव्हीएचे चार जनरेटर आहेत.

"मग थोडं थोडं तापवू," भाचा म्हणाला. मला धडकी भरली ती इथे. अर्धवट तापलेल्या कडेवर बर्फाचं पाणी होतं, मागे वाहतं आणि जिथे पट्टी नाही तिथे पुन्हा गोठतं. तिथला बर्फ काढायला काहीच साधन नसतं.

वेग मोजणाऱ्या पिटो नळीचा हीटर आणि पंख्याच्या पात्यांच्या पट्ट्या त्याने आधीच बसवल्या होत्या. जमिनीवर इंजिन मंद ठेवून सगळं एकदम चालू केलं, तर व्होल्टेज बारापर्यंत उतरलं. ट्रॅक्टर आयडलवर असला की हेडलाइट मंदावतो, तसंच. दिवा मंद झाला तरी रस्ता दिसतो. हीटरचं तसं नाही: वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. चौदाचे साडेअकरा झाले की उष्णता दोन तृतीयांशच उरते. त्यात अल्टरनेटर गेला, तर सतरा अँपिअर-अवरची बॅटरी अशा लोडवर वीस मिनिटंही धड टिकत नाही.

म्हणून वीज आधी पिटोला द्या. आठ-दहा अँपिअरचं काम आहे. वेग कळणं त्या नळीवर अवलंबून असतं. २००९ साली रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं, त्याची सुरुवात पिटो बर्फाच्या कणांनी तुंबण्यापासून झाली. आणि त्या नळ्यांना हीटर होते. पंखांसाठी ग्लायकॉलचं द्रव पाझरवणारी पद्धत आहे, तिच्या पंपाला वीज नगण्य लागते. पण द्रवाचं वजन आहे, आणि टाकी संपली की संरक्षणही संपलं.

इथे महाराष्ट्रात बांधणाऱ्यांनी कार्ब्युरेटरकडे बघावं. पावसाळी दमट हवेत, बाहेर वीस अंश असतानाही त्यात बर्फ धरतो. त्याला सायलेन्सरभोवतीची गरम हवा लागते, वीज नाही.

भाच्याने पंखांच्या पट्ट्यांचा नाद सोडला. आता अल्टरनेटर बंद पडल्याचा लाल दिवा बसवून घेतोय, तोही थेट नजरेसमोर. आणि ढगात गोठणबिंदूखालचं तापमान असेल तर उडायचंच नाही, असं माझ्याकडे कबूल केलंय. त्याच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.