पिसाची दांडी मधोमध का नसते?

प्रश्न : आमच्या गच्चीत पारव्यांची पिसं पडलेली असतात. काहींची दांडी बरोबर मधोमध असते, काहींची एका कडेला सरकलेली. हा फरक कशामुळे? आणि डायनासोरांनाही पिसं होती म्हणतात, तर मग तेही उडत होते का?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे. म्हणून आधी गच्चीतलं पीसच नीट पाहू.

पारव्याच्या पंखाच्या टोकाकडे, म्हणजे त्याच्या हाताच्या हाडांवर, दहा लांब पिसं असतात. उडताना त्यातल्या बाहेरच्या पिसांची टोकं एकमेकांपासून सुटी होतात आणि प्रत्येक पीस एकट्याने वारा झेलतं. त्या वेळी हवेचा जोर पिसाच्या मध्यावर न येता पुढच्या कडेजवळ येतो. दांडी मधोमध असती, तर पीस दर झोताला पिळवटलं असतं. दांडी जोराच्या जागीच सरकलेली असल्यामुळे ते स्थिर राहतं. पुढचं पातं अरुंद आणि ताठ, मागचं रुंद आणि लवचीक, अशी रचना त्यातूनच आली.

कोपराकडची पिसं शेजारच्या पिसांखाली बरीचशी झाकलेली असतात, त्यामुळे त्यांच्यात हा फरक कमी दिसतो. शेपटीत पारव्याला सहसा बारा पिसं असतात. त्यातल्या मधल्या जोडीवर वारा दोन्ही बाजूंनी सारखाच येतो, म्हणून तिची दांडी मध्यावर. कडेच्या पिसांकडे जावं तसतशी ती बाहेरच्या बाजूला सरकत जाते. नेहमीच्या राखाडी पारव्याच्या पिसाला टोकाशी रुंद काळपट पट्टा असेल आणि दांडी मधोमध असेल, तर ते शेपटीच्या मधलं समजा.

पीस कोणत्या बाजूचं, तेही सांगता येतं. दांडीवर बारीक खाच दिसते ती पिसाची खालची बाजू. ती जमिनीकडे आणि पिसाचं टोक स्वतःकडे करून पीस धरा. अरुंद पातं डावीकडे आलं तर पीस डाव्या बाजूचं, उजवीकडे आलं तर उजव्या. मुलांना हे एकदा दाखवून पाहा, खूप रमतात.

इथे एक समज दूर करायला हवा. शेपटी नसेल तर पक्ष्याला वळताच येत नाही, असं अनेकांना वाटतं. खरं तर वळण्याचं मुख्य काम पंखच करतात. घार शेपटी पिळून दिशा बदलते हे आपण रोज पाहतो, पण मांजराच्या तावडीत शेपटीची पिसं गमावून सुटलेला पारवाही उडतो, जरा बेंगरूळ उडतो इतकंच. शेपटीचा मोठा उपयोग वेग कमी असताना होतो. फांदीवर उतरताना ती पसरली की वेग आवरतो आणि तोलही सांभाळला जातो. मोराचा पिसारा मात्र शेपटी नव्हेच. ती शेपटीच्या वर, पाठीच्या शेवटी उगवणारी लांबलचक पिसं. खरी शेपटी आखूड आणि तपकिरी असते. मोराने पिसारा उभारला की ती मागून त्याला आधार देताना दिसते.

आता डायनासोर. 1996 साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्सचा जीवाश्म जगापुढे आला. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू होते. त्यांना ना दांडी, ना पातं, म्हणजे उडण्याचा प्रश्नच नाही. 1998 मध्ये तिथल्याच कॉडिप्टेरिक्सचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याच्या हातांवर आणि शेपटीच्या टोकाशी चांगली मोठी पिसं होती, पण दोन्ही पाती सारख्या रुंदीची आणि हात आखूड. तोही उडत नव्हता. व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुजण्याचे उंचवटे 2007 मध्ये दाखवले गेले. सिनेमात तो उघड्या कातडीचा दिसतो, प्रत्यक्षात तो पिसं असलेला आणि जमिनीवरच वावरणारा शिकारी होता. म्हणजे पिसं आधी आली, उड्डाण नंतर. ऊब, दिखावा, अंडी झाकणं अशी कामं पिसांना आधीपासून असावीत.

1861 मध्ये जर्मनीच्या बव्हेरियात, झोल्नहोफनच्या चुनखडीत एका सुट्या पिसाचा ठसा सापडला. त्याच वर्षी आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा सांगाडाही पुढे आला. वय सुमारे 15 कोटी वर्षं. त्याच्या पंखांतल्या पिसांची दांडी तुमच्या पारव्याच्या पिसासारखीच एका बाजूला सरकलेली आहे! तोंडात मात्र दात, आणि शेपटीत मणक्यांची लांब रांग. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना पिसांच्या जोड्या. तो थोड्या अंतरापुरता उडत असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे ही हाडांची शेपटी आखडत गेली. साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या कन्फ्यूशिऑर्निस या पक्ष्यामध्ये शेवटचे मणके एकत्र जुळून छोटं हाड बनलेलं दिसतं. आजच्या पक्ष्यांची शेपटीची पिसं अशाच हाडाभोवती पंख्यासारखी मांडलेली असतात, म्हणून ती झटक्यात पसरता-मिटता येतात.

2003 मध्ये वर्णन झालेल्या मायक्रोरॅप्टरच्या एका जातीच्या तर हातांवर आणि पायांवरही एकीकडे सरकलेल्या दांडीची पिसं होती, आणि त्याला आपण पक्षी म्हणत नाही. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की पिसं बऱ्याच डायनासोरांना होती, पण हवेत तरंगणारे किंवा उडणारे त्यातले थोडेच. उडणारे टेरोसॉर यात धरू नका. ते डायनासोर नव्हते, पक्ष्यांचे पूर्वजही नव्हते, आणि त्यांचे पंख कातडीचे होते.

गच्चीतली पिसं जरूर निरखा, फक्त पारव्यांच्या पिसांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा.