विजेची मोटार, चालकाविना मोटार व शहर

गेल्या सत्रांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें कीं, सर्व मोटारी विजेवर चालूं लागल्या व चालकाची गरज उरली नाहीं, म्हणजे शहरांचें दुखणें समूळ नाहींसें होईल. निबंध सुरेख होता. परंतु त्यावर शेरा लिहितांना आमचा हात थांबला. त्या शेऱ्याऐवजीं हा लेख.

विजेच्या मोटारीचे गुण खरे आहेत. तिच्या मागें धूर नाहीं, आवाज थोडा, व ब्रेकही कमी झिजतात. चालकाविना चालणारी मोटार पेंगत नाहीं कीं मद्य पीत नाहीं. तथापि कोणत्याही साधनाचे परिणाम दोन प्रकारचे असतात : योजिलेले व न योजिलेले. दुसऱ्या प्रकारचीं दोन उदाहरणें आपण पाहूं.

पहिलें उदाहरण अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या प्रदेशांतील आहे. चालकाविना मोटार घरीं आली तर माणसें कशीं वागतील, हें पाहण्यासाठीं संशोधकांनीं एक युक्ति योजिली. १३ जणांना त्यांनीं एका आठवड्यांत ६० तासांपर्यंत फुकट शोफर दिला. मालक आंत असो वा नसो, शोफर सांगितल्या कामीं मोटार नेई. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, त्या आठवड्यांत या मोटारींनीं नेहमींपेक्षां ८३ टक्के अधिक अंतर कापलें. त्यांतील कांहीं भाग तर मालकावांचून. तेरा माणसांवरून जगाचा सिद्धांत काढणें योग्य नव्हे. पण मनुष्यस्वभावाचा कल त्यांतून दिसतो. श्रम वांचले कीं हांव वाढते. कोळसा कमी खाणारीं एंजिनें निघालीं तेव्हां कोळशाचा एकूण खप उलट वाढला, हें जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालींच दाखविलें होतें.

दुसरें उदाहरण त्याच देशांतील सिअ‍ॅटलच्या परिसराचें. तेथें कोहो जातीचे सॅमन मासे अंडीं घालण्यास समुद्रांतून ओढ्यांत येतात. पाऊस पडला कीं शहराजवळील ओढ्यांत ते अंडीं घालण्यापूर्वींच तडफडून मरत. वर्षानुवर्षें कारण सांपडेना. तें २०२० सालीं उघडकीस आलें. ओझोन वायूनें रबर तडकूं नये म्हणून टायरमध्यें एक द्रव्य घालतात. ओझोनशीं संयोग होऊन त्याचें विष बनतें, आणि टायरच्या झिजेबरोबर पावसाच्या पाण्यानें ओढ्यांत जातें. हा दोष सर्वच मोटारींचा आहे. परंतु वीज हा त्यावर उतारा नव्हे. उलट, बॅटरीमुळें मोटार जड होते, व जड गाडीचे टायर अधिक झिजतात.

शिवाय वीज येते कोठून, हाही प्रश्न आहेच. आपल्या महाराष्ट्रांत बरीचशी वीज अद्याप चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणीं कोळसा जाळून निर्माण होते.

मग विजेचें वाहन टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. मात्र तें कशावर चालतें एवढेंच न विचारतां, किती चालतें, किती जड आहे व किती माणसें नेतें, हेंही विचारावें. विजेची बस व विजेची मोटार दोन्ही धूर सोडीत नाहींत. परंतु एक पुष्कळांस नेते, दुसरी बहुधा एकालाच.

विद्यार्थ्यांनीं एके दिवशीं शाळेच्या फाटकाशीं पाव तास उभें राहून जाणाऱ्या मोटारी व त्यांतील माणसें मोजावीं. मग तो निबंध पुन्हां लिहावा. आम्ही तो आनंदानें वाचूं.