कळलावी कशी ओळखाल?

जुलै ते सप्टेंबरमध्ये सह्याद्रीत ट्रेकला गेलात की रानाच्या कडेला, झुडपांवर चढलेलं एक फूल नक्की बघा. ज्वाळा पेटल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला अग्निशिखाही म्हणतात. मराठी नाव कळलावी, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही डॅफोडिल्स पाठ केले, कळलावी मात्र मला थेट रानातच भेटली!

फूल असेल तर ओळखणं सोपं. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागे वळलेल्या. आधी हिरवट-पिवळ्या, मग नारिंगी, शेवटी लाल. त्यामुळे एकाच वेलीवर वेगवेगळ्या रंगांची फुलं दिसतात. सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले. आणि गंमत म्हणजे स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळते. ड्रॉइंगवाल्यांनी जरूर बघावं! यामुळे फुलाचे पराग त्याच फुलावर पडायची शक्यता कमी होते.

खरी परीक्षा फूल नसताना. तेव्हा पानाचं टोक बघायचं. ते निमुळतं होत जाऊन त्याचा स्प्रिंगसारखा तणावा होतो आणि त्यानेच वेल आधार पकडते. शिरा समांतर असतात. करांद्याची वेलही पावसातच वाढते, पण तिचं पान हृदयाच्या आकाराचं, टोकाला तणावा नाही. ती खोडानेच आधाराला वेढे घालते.

एवढा खटाटोप कशाला? कारण कळलावीचा कंद खायचा कंद समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. पूर्ण वेल विषारी, कंद आणि बिया तर जास्तच. त्यातलं कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मग इतर अवयवांवर परिणाम होतो. उकडूनही विष जात नाही. कुणी खाल्लंच तर घरगुती उपाय नकोत, तडक हॉस्पिटल गाठा आणि वेलीचा फोटो सोबत न्या.

आणि हेच कोल्चिसिन मोजक्या मात्रेत गाउटवरचं औषध आहे! डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, आपण नाही. तामिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, ते तिथलं राज्यफूलही आहे. रानात मात्र औषधासाठी कंद उपटल्यामुळे वेली कमी होतात. तेव्हा फोटो हवे तेवढे काढा, कंदाला हात लावू नका. तो जमिनीत राहिला तरच पुढच्या पावसात वेल पुन्हा उगवेल.